फिन्शगाऊचे खोरे चार दिवसांत: कोणती चर्च, कोणते किल्ले, आणि ते पाहायचे कसे

म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, जून महिन्यात पुण्याहून येणाऱ्या आईवडिलांना घेऊन ते इटलीच्या उत्तर सीमेवरील फिन्शगाऊ खोऱ्यात गाडीने चार दिवस जाणार आहेत. वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत, आईचे गुडघे दुखतात. पुस्तिकांमध्ये चर्च, मठ आणि किल्ल्यांच्या याद्या संपता संपत नाहीत. त्यातून निवड कशी करावी आणि दुसऱ्या दिवसापासून ‘सगळी चर्च सारखीच’ असे आईवडिलांना वाटू नये यासाठी काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी भित्तिचित्रांच्या जतनाचे काम करतो आणि या खोऱ्यात कामानिमित्त तसेच हौसेने अनेकदा राहिलो आहे, त्यामुळे माझे उत्तर थोडे भिंतींच्या बाजूने झुकलेले असेल, हे आधीच सांगतो. थेट सांगायचे तर मुक्काम खोऱ्याच्या खालच्या टोकाच्या मेरान शहराच्या गर्दीत न ठेवता खोऱ्याच्या वरच्या भागात, माल्स किंवा ग्लुर्न्स येथे ठेवावा. यादीतली बहुतेक ठिकाणे खुशाल सोडून द्यावीत. माल्स, म्युश्टाइर, मारियनबेर्ग आणि नाटुर्न्स ही चार चित्रस्थळे, कूरबुर्ग हा एक किल्ला आणि ग्लुर्न्स हे एक तटबंदीचे गाव एवढेच नीट पाहावे. दिवसाला दोनपेक्षा जास्त वास्तू पाहू नयेत. भित्तिचित्र पाहायला डोळ्यांना वेळ लागतो, आणि तिसऱ्या वास्तूत शिरेपर्यंत डोळे थकलेले असतात.

एवढ्याशा खोऱ्यात इतके जुने इतके दाटीवाटीने का टिकले, हे आधी समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे जाते. आडिजे नदी, जिला इथले जर्मनभाषक एट्श म्हणतात, रेशेन खिंडीपाशी उगम पावून मेरानकडे उतरते, आणि तिच्या या वरच्या टप्प्याला जर्मनमध्ये फिन्शगाऊ व इटालियनमध्ये वाल वेनोस्ता म्हणतात. प्रदेश इटलीत असला तरी पहिल्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत तो ऑस्ट्रियाकडे होता आणि घरातली भाषा आजही बहुतांश जर्मनच आहे, म्हणून प्रत्येक गावाला दोन नावे आहेत. माल्स आणि मालेस ही दोन गावे आहेत असे समजून रस्ता चुकलेले लोक मी पाहिले आहेत. रेशेन खिंड सुमारे १५०० मीटर उंचीची, म्हणजे आल्प्सच्या मुख्य रांगेतल्या सोप्या खिंडींपैकी एक. रोमन सेनापती ड्रुससने इ.स.पूर्व १५ मध्ये आखलेला आणि सम्राट क्लॉडियसच्या काळात इ.स. ४६-४७ मध्ये पूर्ण झालेला व्हिया क्लॉडिया ऑगस्टा हा रोमन राजमार्ग इथूनच जात असे. ज्या वाटेवरून व्यापारी, सैन्य आणि यात्रेकरू जातात, त्या वाटेवर धर्मशाळा, मठ आणि जकातीचे नाके उभे राहतातच.

दुसरे कारण सत्तेचे आहे. धर्माच्या बाबतीत हे खोरे १९ व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत आल्प्सपलीकडच्या, आजच्या स्वित्झर्लंडमधील कूर येथील बिशपच्या हाताखाली होते, आणि जमिनीच्या बाबतीत मात्र तिरोल या आल्प्समधील प्रांताच्या काउंटांचा, म्हणजे तिथल्या सत्ताधीश सरदारांचा, दावा वाढत गेला. एकाच गावावर दोन मालकांचा डोळा असला की दोघेही भिंती बांधतात. बिशपचा किल्ला, त्यासमोर सरदाराचा किल्ला, मधे कोणाच्या तरी आश्रयाचा मठ, अशी ही रचना आहे, आणि वडिलांना हे सूत्र आधी सांगून ठेवले तर बाकीचे तेच तुम्हाला समजावून सांगतील.

तिसरे कारण हवेचे. चारी बाजूंच्या डोंगररांगा ढग अडवतात, त्यामुळे खोऱ्यात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. आल्प्स म्हटले की जे हिरवे कुरण डोळ्यांसमोर येते, त्याऐवजी इथला दक्षिणेकडे तोंड असलेला उतार आपल्या माण-खटावच्या माळाची आठवण करून देतो. भिंतीवरच्या रंगाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ओल आणि ओलीबरोबर वर चढणारे क्षार. तो शत्रू इथे तुलनेने दुबळा आहे.

तुम्ही म्युनिकहून लांडेकमार्गे आलात तर खोऱ्यात वरून प्रवेश होईल, आणि पहिले दृश्य असेल रेशेन जलाशयात एकटाच उभा असलेला ग्राउनचा घंटामनोरा. हा मनोरा १४ व्या शतकातला. १९५० मध्ये धरणासाठी दोन नैसर्गिक तलाव एक करून पाण्याची पातळी २२ मीटरने वाढवली गेली आणि जुने ग्राउन गाव आणि रेशेनचा काही भाग बुडाला. १६३ घरे आणि ५२३ हेक्टर जमीन गेली. धरणाच्या आराखड्याची सूचना गावात इटालियन भाषेत लावली होती, जी भाषा गावकऱ्यांना वाचता येत नव्हती. आज लोक तिथे गाडी थांबवतात, छायाचित्र काढतात आणि निघतात. हिवाळ्यात बर्फाखालून घंटा ऐकू येतात अशी दंतकथाही सांगितली जाते, पण घंटा गाव बुडण्यापूर्वीच उतरवल्या होत्या. पंधरा मिनिटे पुरेत. मात्र ती पंधरा मिनिटे वाहनतळावर न घालवता काठावर उभे राहून पाण्याखाली शेते होती एवढे लक्षात घेऊन घालवावीत.

माल्समध्ये पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे संत बेनेडिक्टचे चर्च कधी उघडे असते याची चौकशी करणे. या भागातील लहान चर्च दिवसभर उघडी नसतात. काही ठरावीक तासच उघडतात, काहींची किल्ली शेजारच्या घरी असते. मी एकदा चार तास प्रवास करून बंद दारासमोर उभा राहिलो आहे आणि चूक माझीच होती, कारण दारावरचा कागद मी आदल्या वर्षीचा धरून चाललो होतो.

बाहेरून हे चर्च कोणाच्याही नजरेत भरणार नाही. रोमनेस्क मनोरा नंतरचा, १२ व्या शतकातला. आत एकच साधी आयताकृती खोली, आणि पूर्वेच्या भिंतीत तीन कोनाडे. मधल्या कोनाड्यात ख्रिस्त, बाजूच्या दोहोंत संत स्टीफन आणि पोप ग्रेगरी. ही चित्रे इ.स. ८०० च्या आसपासची, म्हणजे फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या काळातली आहेत. पण ज्यासाठी लोक लांबून येतात ती दोन माणसे कोनाड्यांमधल्या अरुंद पट्ट्यांवर उभी आहेत. एक धर्मगुरू, हातात चर्चची छोटी प्रतिकृती धरलेला. दुसरा फ्रँक सरदार, अंगात त्या काळचा पोशाख, समोर उभी धरलेली म्यानबंद तलवार, आणि म्यानाभोवती कमरपट्टा गुंडाळलेला. पट्टा सोडून गुंडाळलेली तलवार म्हणजे आता ती उपसायची नाही, असा त्याचा अर्थ लावतात. दोघांच्या डोक्यामागे गोल नव्हे तर चौकोनी प्रभावलय आहे. चित्र काढले तेव्हा ती माणसे हयात होती, हे सांगण्याची ती रीत होती. बाराशे वर्षांपूर्वी खरोखर जगलेल्या आणि त्या खोलीत कदाचित स्वतः उभ्या राहिलेल्या माणसांसमोर आपण उभे असतो. या दोघांची नावे चित्रावर नाहीत, आणि मला त्यात काही उणे वाटत नाही.

इथे कामाची एक गोष्ट सांगतो, ती पुढच्या सर्व ठिकाणी उपयोगी पडेल. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग लावला की चुना हवेतील कर्बवायू शोषून घेतो, त्याचे पुन्हा दगडासारखे स्फटिक होतात आणि रंग त्या थरात कोंडला जातो. त्यासाठी वेगळा डिंक किंवा सरस लागत नाही. यालाच फ्रेस्को म्हणतात. पण गिलावा ओला असेपर्यंतच हे जमते. उरलेले बारकावे, म्हणजे डोळ्यांची बुबुळे, वस्त्रांच्या घड्यांवरचा उजेड, ओठांची लाली, गिलावा सुकल्यावर वरून लावत, आणि तेच आधी झडते. म्हणून अनेक चेहरे आज कोरे किंवा आंधळे वाटतात. चित्रकार कच्चा नव्हता. त्याचा शेवटचा हात तेवढा आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. वडिलांनी अजिंठा पाहिलेला असेल तर त्यांना हा फरक जरूर सांगावा. अजिंठ्याला ‘फ्रेस्को’ म्हणण्याची सवय आपल्याकडे आहे, पण तिथे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर सरसासारख्या बंधकात कालवलेले रंग लावले आहेत. ते तंत्र निराळे आणि त्याची दुखणीही निराळी.

अजिंठ्याचा उल्लेख आणखी एका कारणासाठी. १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि त्याच वर्षी म्युश्टाइरचा संत योहानाचा मठही गेला. हा मठ माल्सपासून जवळच, पण सीमेपलीकडे स्वित्झर्लंडमध्ये आहे. ग्लुर्न्सवरून बस किंवा गाडीने तावफर्सच्या दिशेने गेले की सीमा लागते. स्वित्झर्लंड शेंगेन क्षेत्रात असल्याने वेगळा व्हिसा लागत नाही, तरी आईवडिलांचे पारपत्र बरोबर असू द्यावे. या मठाला एक पूर्ण सकाळ द्यावी.

शार्लमेन बर्फाच्या वादळातून वाचला म्हणून त्याने हा मठ स्थापला, अशी कथा आहे. कथा बाजूला ठेवली तरी चर्चमधील लाकडाच्या वार्षिक वलयांवरून झाड इ.स. ७७५ मध्ये तोडलेले ठरते, म्हणजे काळ जुळतो. आत शिरल्यावर तीन अर्धवर्तुळाकार गाभारे आणि भिंतीभर ओळींमध्ये मांडलेली चौकटींची चित्रे दिसतात. तांबूस, पिवळसर माती आणि राखाडी एवढ्या मोजक्या रंगांत ती आहेत. पश्चिमेच्या भिंतीवरचा अंतिम न्यायाचा देखावा हा त्या विषयाच्या सर्वांत जुन्या मोठ्या भित्तिचित्रांपैकी एक आहे. मधल्या गाभाऱ्यात मात्र एकदम गडद, ठसठशीत रंग दिसतील. हेरोद राजाची मेजवानी आणि सालोमीचा नाच या बायबलमधील प्रसंगांची ही चित्रे इ.स. १२०० च्या सुमारास जुन्यांवर काढलेली आहेत. दोन्हींमधील चारशे वर्षांचे अंतर एकाच ठिकाणी उभे राहून दिसते, हे आईला नुसते बोटाने दाखवले तरी पुरे. ‘सगळी सारखीच’ ही तक्रार तिथेच संपेल.

ही चित्रे टिकली कारण नंतरच्या लोकांना ती नको होती. पुढे वर गॉथिक छत घातले गेले, भिंतींना चुना फासला गेला, आणि त्या चुन्याखाली चित्रे सुरक्षित राहिली. १८९४ मध्ये छताच्या वरच्या पोकळीत संशोधकांना रंगाचे अवशेष दिसले, आणि खालच्या भिंती १९४७ ते १९५१ या काळात उघडल्या गेल्या. मधल्या काळात छतावरचे काही तुकडे उतरवून झुरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेले, ते आजही तिथेच आहेत. भिंतीपासून चित्र सोलून काढणे हा माझ्या मते शेवटचाच उपाय असावा, पण त्या काळी तो पहिला समजला जाई. मठात आजही नन राहतात, तेव्हा अंगणात आवाज बेताचा असावा.

परतताना सीमेअलीकडच्या तावफर्समध्ये संत योहानाच्याच नावाचे आणखी एक जुने चर्च रस्त्यालगत आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवरचा प्रचंड संत क्रिस्टोफर १३ व्या शतकातला आहे. त्याचे दर्शन घडले तर त्या दिवशी अवचित मरण येत नाही, अशी प्रवाशांची श्रद्धा होती, म्हणून तो मुद्दाम वाटेवरून दिसेल असा मोठा काढत. गाडीतूनही दिसतो.

मारियनबेर्गचा मठ बुर्गाइस गावाच्या वर, सुमारे १३४० मीटर उंचीवर, पांढऱ्याशुभ्र किल्ल्यासारखा बसलेला आहे. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे गुडघ्यांची चिंता नाही. तारास्पच्या सरदारांनी १२ व्या शतकाच्या मध्यास वसवलेला हा बेनेडिक्टाइन मठ. वरचे बरोक चर्च झगमगीत आहे आणि मला ते फारसे भावत नाही. खरे धन खाली तळघरातील प्रार्थनागृहात आहे. इ.स. ११७५ च्या आसपास रंगवलेल्या तिथल्या देवदूतांचे निळे इतके ताजे आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते नंतर रंगवल्यासारखे वाटते. कारण पुन्हा तेच: १७ व्या शतकात तळघराचे दफनघर झाले, भिंतींना लागून थडगी बांधली गेली आणि चित्रे अंधारात बंद झाली. १९८० मध्ये ती पूर्णपणे मोकळी झाली. श्वासाच्या ओलीने रंगांना धोका असल्याने तिथे एरवी पर्यटकांना सोडत नाहीत. उन्हाळ्यात मात्र तिथे होणाऱ्या भिक्षूंच्या सायंप्रार्थनेला बसण्याची मुभा असते, तिची वेळ मठाच्या संग्रहालयात आधी विचारून घ्यावी. प्रार्थना लॅटिन-जर्मन सुरांत चालते, छायाचित्रण नसते, आणि अर्धा तास एकाच भिंतीकडे पाहत बसण्याची सक्ती होते. भित्तिचित्र पाहण्याचा याहून चांगला प्रकार मला ठाऊक नाही.

मठाचे जीवन मात्र नेहमी असे शांत नव्हते. ज्या माच घराण्याकडे मठाच्या रक्षणाची जबाबदारी होती, त्याच घराण्यातील उलरिखने १३०४ मध्ये मठाधिपती हेरमानचा खून केला. कुंपणाने शेत खाल्ल्याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. हेच माच घराणे कूरबुर्गवर पुन्हा भेटते. श्लुडर्न्स गावाच्या डोक्यावरचा हा किल्ला १३ व्या शतकाच्या मध्यास कूरच्या बिशपने, किल्ल्याच्या नावातच कूर आहे, या माच सरदारांना वेसण घालण्यासाठी बांधला, आणि शतक संपण्याआधीच तो त्यांच्याच हाती गेला. १५०४ पासून तो ट्रॅप घराण्याकडे आहे. वसंतापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तो उघडा असतो, सोमवारी बंद असतो, आणि आत वाटाड्याबरोबरच जाता येते.

कूरबुर्गचे शस्त्रागार पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. युरोपातील बहुतेक संग्रहालयांत चिलखते बाजारातून, लिलावातून गोळा केलेली असतात. इथली पन्नासहून अधिक चिलखते याच घरातल्या माणसांच्या आणि त्यांच्या शिपायांच्या मापाने शिवलेली, शिवलेली म्हणजे अर्थात ठोकलेली आहेत, आणि ती घराबाहेर गेलीच नाहीत. उलरिख नववा याचे चिलखत सुमारे २.१० मीटर उंचीच्या माणसाचे असून त्याचे वजन ४५ किलोच्या आसपास आहे. त्याच्या शेजारी सामान्य उंचीच्या माणसाचे चिलखत पाहिले की पोलादाच्या जागी माणूस दिसू लागतो. वरच्या मजल्यावरील कमानींच्या सज्जात घराण्याचा वंशवृक्ष वेलीसारखा छतभर रंगवला आहे; तो १६ व्या शतकातला. किल्ल्यापर्यंत थोडा चढ आहे, तो आईला सावकाश चढू द्यावा.

त्याच दिवशी संध्याकाळी ग्लुर्न्स. लोकवस्ती हजाराच्याही आत, पण चहूबाजूंनी अखंड तट, तीन वेशी, आणि मधे बुटक्या कमानींची बाजारपेठ. २२ मे १४९९ रोजी जवळच कालव्हेन येथे ग्राउब्युन्डेनच्या, म्हणजे कूरच्या आसपासच्या प्रदेशाच्या, सैन्याने सम्राट मॅक्सिमिलियनच्या बाजूच्या तिरोली सैन्याचा पराभव केला आणि ग्लुर्न्स जाळून टाकले. त्यानंतर नव्या, तोफांना तोंड देणाऱ्या पद्धतीने तट बांधायला घेतला, तो पुरा व्हायला १५८० च्या सुमारास उजाडले. तोवर लढाईही सरली होती आणि व्यापारही ओसरत चालला होता. गाव श्रीमंत झाले नाही म्हणून तट पाडून रस्ते रुंद करण्याची कोणाला गरज पडली नाही. वडिलांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट: १५१९-२० मध्ये शेजारच्या स्टिल्फ्स गावच्या शेतकऱ्यांनी शेतातल्या उंदरांवर ग्लुर्न्सच्या न्यायालयात रीतसर खटला भरला. उंदरांना वकील दिला गेला. निकाल हद्दपारीचा लागला, पण गाभण माद्या आणि पिल्ले यांना जादा मुदत आणि कुत्र्या-मांजरांपासून संरक्षण मिळाले.

चौथा दिवस खालच्या खोऱ्यासाठी. वाटेत लासच्या पांढऱ्या संगमरवराच्या खाणी लागतात. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या अमेरिकन सैनिकांच्या दफनभूमींवरील हजारो क्रूस याच दगडाचे आहेत. लात्शमध्ये टेकडीवरच्या लहान चर्चमध्ये १९९२ साली वेदीची शिळा हलवली तेव्हा ती ताम्रयुगातील कोरीव उभा पाषाण निघाली. देवस्थानाच्या जागी देवस्थान हा प्रकार आपल्याला नवा नाही. त्याच गावातील इस्पितळाच्या चर्चमध्ये योर्ग लेडररची कोरीव लाकडी वेदी आहे, लाकूडकामाची आवड असेल तरच थांबावे. युवालचा किल्ला गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर याने १९८३ मध्ये विकत घेतला आणि त्यात हिमालयीन वस्तूंचा संग्रह मांडला. तो चांगला आहे, पण तुमच्या चार दिवसांत मी तो वगळेन. तिबेटी मूर्ती पाहायला आल्प्समध्ये यायला नको.

नाटुर्न्सचे संत प्रोकुलसचे चर्च मात्र वगळू नये. सफरचंदाच्या बागांना लागून, सपाट जमिनीवर, एखाद्या मोठ्या गोठ्याएवढी वास्तू. दक्षिणेच्या भिंतीवर एक माणूस दोरावर बसलेला आहे, वर लोक दोर धरून पाहत आहेत, आणि त्याचे डोळे मोठे, वाटोळे, काहीसे गोंधळलेले. त्याला ‘झोकेवाला’ म्हणतात. दमास्कसच्या तटावरून निसटणारा संत पॉल म्हणा किंवा व्हेरोनातून पळणारा बिशप प्रोकुलस म्हणा, अभ्यासकांचे एकमत नाही, आणि चित्राच्या काळाबद्दलही नाही. पश्चिमेकडे गुरांचा कळप आणि राखणीचा कुत्रा रंगवला आहे. १९२० च्या दशकात ही चित्रे उघडली गेली. त्यांच्यावर असलेली गॉथिक चित्रे काढून समोरच्या भुयारी संग्रहालयात ठेवली आहेत. जुने दाखवण्यासाठी कमी जुने उचलावे का, हा आमच्या व्यवसायातला कायमचा वाद आहे. इथे उचलले ते बरे झाले असे मला वाटते, तरी संग्रहालयात जाऊन ती गॉथिक चित्रेही पाहावीत.

जिथे जाल तिथे पाच मिनिटे काहीही न पाहता नुसते बसावे, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. फ्लॅश वापरू नये, भिंतीला टेकू नये. एक छोटी दुर्बीण जवळ ठेवावी, आईवडिलांना वरच्या ओळी तिच्यातूनच दिसतील.

आईसाठी शेवटची सोय. कोरड्या हवेमुळे शेतकऱ्यांनी डोंगरकडेने शेकडो वर्षांपूर्वी पाट काढले, त्यांना इथे ‘वाल’ म्हणतात, आणि पाणी पाळीने वाटले जाई. पाटाला उतार अगदी बेताचा असतो, त्यामुळे त्याच्या कडेची पायवाट जवळपास सपाट असते. खोऱ्याच्या खालच्या टोकाला ट्योल येथून निघणारा मार्लिंगचा पाट १८ व्या शतकात श्नाल्सच्या कार्थुशियन मठाने आपल्या द्राक्षमळ्यांना पाणी मिळावे म्हणून काढवला. पूर्ण वाट बारा किलोमीटरची आहे, पण कुठूनही माघारी फिरता येते. काही पाटांवर पाण्याने फिरणारे छोटे चाक आणि त्याला जोडलेली हातोडी अजून आढळते. चाक फिरते आहे तोवर ती ठोके देत राहते. ठोके थांबले की खाली झोपलेल्या पाटकऱ्याला जाग येई, कारण वर कुठेतरी पाट फुटलेला असे.